घागरीला हात लावणारं गाव

माय, तुझ्या नातीनं, माझ्या लेकीनं, परदेशात समुद्राकाठी घर घेतलं. कुठल्या किनाऱ्याला घ्यायचं हे ठरवायला तिनं मला बोलावलं होतं. मला! कमलनगरजवळच्या शाळेत नकाशावरचा निळा रंग दाखवून पोरांना "हा समुद्र" म्हणत आलेला मी. पन्नाशीला टेकलो तरी त्याचं पाणी खारट असतं हे पुस्तकावर विश्वास ठेवूनच सांगत होतो. तुझं तर विचारायलाच नको. मांजरा नदी दोन्ही थड्या भरून वाहिली की तुझा समुद्र झाला.

पोर्तुगाल म्हणून देश आहे, लांबलचक किनाऱ्याचा. नात तिथं घरी बसून कॉम्प्युटरवर नोकरी करते. जावई जहाजावर, एकदा गेला की महिनोन्‌महिने परतत नाही. त्यात तिला दिवस गेलेले. तीन ठिकाणची घरं तिनं निवडून ठेवली होती, एक दक्षिणेला, एक मोठ्या शहराजवळ, एक उत्तरेला. फोनवर म्हणाली, "अप्पा, मला काईच ठरवता येईना. तुमी अन्‌ आई या. तुमी म्हणाल तिथं घेते." ऊन किती, थंडी किती, दवाखाना किती लांब, सगळी माहिती तिनं काढली होती. मला घोर वेगळाच होता. बाळंतपणात, आजारपणात, जावई तिकडं पाण्यावर असताना हिच्या दाराशी कोण येईल? हे तिच्या कॉम्प्युटरला सांगता येत नव्हतं. मग मला तू आठवलीस.

अक्काचं स्थळ बघायला आपण औरादकडच्या एका गावाला गेलो होतो. पोरगा सरकारी नोकरीत, घर पत्र्याचं पण नीट. पुरुषमाणसं चहा पीत बसली आणि तू त्यांच्याच घरातली घागर उचलून पाण्याला निघालीस. पाहुणीनं पाणी भरायचं म्हणून त्या घरच्या बायका ओशाळल्या. मी तुझ्यामागं आलो. आडावर तू घागर काठोकाठ भरलीस, डोक्यावर चुंबळ ठेवलीस आणि नुसती उभी राहिलीस. भरली घागर एकटीला डोक्यावर घेता येत नाही, कुणीतरी हात लावावा लागतो. बायका आल्या, आपापलं भरून, एकमेकींना हात लावून निघून गेल्या. तुझ्या घागरीला कुणी शिवलं नाही. तू घागर कमरेवर घेऊन परत आलीस आणि म्हणालीस, "हितं न्हाई द्यायची."

वाटेत माझे वडील तुझ्यावर किती चिडले होते. "नोकरीवाला पोरगा हाय! घागरीपायी नगं म्हणायलीस व्हय?"

"पोरगा हापिसात जाईल," तू म्हणालीस. "पाण्याला माजी लेक जाईल."

तुझ्या लहानपणी आपल्या माणसांना आडाच्या काठावर पायही ठेवता येत नव्हता, वरून कुणी ओंजळीत ओतेल तेवढंच पाणी. हे तू आम्हाला कधी रडून सांगितलं नाहीस. पण त्या घागरीला कोण हात लावतं, हे तू का बघत होतीस ते मला फार उशिरा समजलं. पुढं दुसरं स्थळ बघायला गेलो त्या गावात मात्र हापशावर एक म्हातारी तरातरा आली, "अगं वाक की जरा, का मी शिडी आणू?" म्हणत तिनं घागर तुझ्या डोक्यावर ठेवली. तू हसत परत आलीस आणि चहाची कपबशी हातात घ्यायच्या आधीच सांगितलंस, "दिली लेक." अक्का अजून त्याच गावात नांदते आहे. आता तिला तिथून हलवायचं म्हटलं तर अख्खं गाव भांडायला येईल.

तर माय, आम्ही दक्षिणेच्या किनाऱ्याला गेलो. पाणी असं निळं की माझ्या नकाशातला रंग खरा निघाला म्हणून मला केवढा आनंद झाला! पांढरीशुभ्र घरं, कोवळं ऊन. आमच्या बॅगेत तुझ्या सुनेनं ज्वारीचं पीठ, कारळाची चटणी, डिंक, सगळं कोंबलेलं. चढाच्या पायऱ्यांशी मी बॅग ठेवली आणि उभा राहिलो.

"अप्पा, काय करायलाव? चला की!"

"थांब जरा."

घरं सगळी बंद. उन्हाळ्यात लोक येतात, हिवाळ्यात कुलपं. कुत्रं फिरवणारा एक गृहस्थ गोड हसला आणि पुढं गेला. माणूस वाईट नव्हता, पण त्या गल्लीत तो एकटाच होता. शहराजवळच्या घराला लिफ्ट निघाली. तुझी सून म्हणाली, "हितं बटन हात लावतंय. चला, हेबी बघून झालं."

उत्तरेला धुकं, बोचरा वारा, मासळीचा वास. समुद्र राखाडी, आपल्या हापशाखालच्या दगडासारखा. उभ्या चढाची अरुंद गल्ली. मी बॅग ठेवून उभा. एक दार उघडलं आणि काळा झगा, वर एप्रन अशी एक म्हातारी तिच्या भाषेत ओरडतच बाहेर आली. तिनं सरळ बॅगेची एक बाजू धरली, वरच्या खिडकीकडं बघून हाळी दिली, तशी दुसरी बाई हात पुसत धावत आली. मी पुढं झालो तर मला बाजूला सारलं.

"काय म्हणायलीय गं?" मी विचारलं.

नात हसून हसून भिंतीला टेकली होती. "म्हणायलीय, ह्या अवघडलेल्या पोरीला धरून चढवा आधी, बॅगचं आमी बघतो. अन्‌ दगडं भरून आणलेत का म्हणून विचारायलीय!"

दगड नव्हेत हे दाखवायला तुझ्या सुनेनं त्या घराच्या स्वयंपाकघरातच भाकरी थापल्या. तो आवाज ऐकून म्हातारी ओट्याशी येऊन उभी राहिली, मग घरी जाऊन स्वतःची जाड भाकरी घेऊन आली. सुनेनं एक घास मोडला, डोळे मोठे केले. "अवो, मक्याची हाय ही!" भाषा एकीची दुसरीला कळत नव्हती, पण दोघी तासभर बोलत होत्या. मी खिडकीतून तो राखाडी समुद्र बघत मनातल्या मनात त्रिशरण म्हटलं आणि नातीला सांगितलं, "हितं घे."

आता ती तिथं राहते. मुलगी झाली, माय. पहिली आंघोळ त्या म्हातारीनंच घातली. व्हिडिओवर बघताना मी इकडं शाळेच्या व्हरांड्यात उभा राहून एकटाच हसत होतो.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तू आता नाहीस, होतीस तेव्हाही तुला वाचता येत नव्हतं, आणि नातीच्या हाती लागू नये असं यात एक आहे. दक्षिणेच्या त्या पायऱ्यांशी मी नुसता उभा होतो. त्या उत्तरेच्या गल्लीत शिरताना मात्र पोरीचा चेहरा उजळला होता, पावलं नकळत भरभर पडत होती. तिला ते गाव आवडलंय हे मला दिसलं. गल्लीत कुणी येईना, तेव्हा मी मोठ्यानं खोकलो. एकदा नाही, तीनदा. त्यावरच ते दार उघडलं. हात त्या म्हातारीनं आपणहून लावला, तेवढं खरं.

माय, त्या हापशावर तूही खोकली होतीस का गं?