घासलेला चाप आणि फ्रिडलीचा हात

मी, बाल्झ ऱ्हिनर, वय अठ्ठ्याहत्तर, कापड गिरणीत चाळीस वर्षे माग दुरुस्त केलेला, राहणार हिंटरआउ, ग्लारूस, हे मृत्युपत्र स्वहस्ते, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचेही न ऐकता लिहीत आहे. न ऐकण्याची सवय जुनीच आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी शेगडीत घातले.

१. घर, बाग आणि बँकेत जे निघेल ते माझी भाची केटी हिला. मागची खोली तिने खुशाल पाडावी. त्याच खोलीतल्या माझ्या कामाच्या टेबलावर सगळे बिघडले.

२. कानशी, पकडी, वाइस ज्याला हवे त्याने न्यावे. पोलाद घासायचा तेलाचा बारीक दगड मात्र नदीत टाकावा.

३. माझे भिंग नेमबाजी मंडळाचा माजी अध्यक्ष कास्पर एल्मर याला. माणसाने बोलण्याआधी बघावे, एवढाच हेतू.

४. भिंतीवरची जुनी लष्करी रायफल माझी नव्हे, माझा मित्र फ्रिडली स्ट्राइफ याची. तिच्यातून यापुढे कोणीही गोळी झाडू नये. कारण लिहितो.

तिचा चाप दोन टप्प्यांचा. आधी तो सैल मागे येतो, मग बोटाला भिंत लागते, आणि ती ओलांडली की गोळी सुटते. १९७४ साली, कॅन्टनच्या, म्हणजे आमच्या प्रांताच्या, नेमबाजी स्पर्धेच्या आठवडाभर आधी फ्रिडली आला. "दुसऱ्या टप्प्यात जरा खरखरतो रे. बघतोस का?" शस्त्रे दुरुस्त करणाऱ्याकडे ने, असे म्हणायला हवे होते. मी म्हणालो, "ठेव इथे." तो म्हणाला, "तू हात लावलास ना? मग बरोबरच असणार."

मी चाप उघडून आतली कड तेलाच्या दगडावर घासली. खरखर वाढली. तेल बदलले, स्प्रिंग बदलली, स्क्रू सैल करून पाहिले. खरखर तशीच, म्हणून आणखी घासले. पोलादाला वरून पाणी दिलेले असते आणि तो कठीण थर कागदाइतका पातळ असतो, हे मला माहीत होते. माग दुरुस्त करणाऱ्याला हे माहीत नसेल तर कोणाला? तरी घासत राहिलो, कारण मला जमत नाही हे कबूल करायचे नव्हते.

स्पर्धेच्या सकाळी, चाप फार हलका नाही ना हे बघायला, रिवाजाप्रमाणे त्याला दीड किलोचे वजन टांगून रायफल उचलली. चाप सुटला नाही. पास! तो खरखरीनेच धरला होता.

आठव्या फैरीला भिंत लागलीच नाही. बोट पहिल्या टप्प्यात असतानाच गोळी सुटली आणि निशाण सोडून मातीत गेली. फ्रिडलीने रायफलीकडे पाहिले नाही, स्वतःच्या हाताकडे पाहिले. त्याचा बाप कंपवाताने गेला होता. जेवणाच्या टेबलावर कास्पर सर्वांदेखत हसला, "काय फ्रिडली, बापाचा हात आला वाटतं!"

संध्याकाळी फ्रिडलीने रायफल माझ्याकडेच टाकली. "मला आता काय करायचीय?" मी चाप उघडून भिंगाखाली धरला. कठीण थर गेला होता, खालचे मऊ पोलाद झिजून कड गोल झाली होती. हात निर्दोष होता. हे जगात मला एकट्याला कळले.

आज सांगतो, उद्या सांगतो म्हणता म्हणता आठवडा गेला, आणि त्याने व्हेरेनाशी ठरलेले लग्न मोडले. "तिला माझं दुखणं काढायला लावू?" म्हणाला. त्यानंतर सांगायला मला तोंड उरले नाही. व्हेरेनाशी मी लग्न केले असे कोणी समजू नये. तेवढा हलकट मी नाही, आणि तेवढा धीटही नाही. ती दुसऱ्या खोऱ्यात गेली.

चव्वेचाळीस वर्षे फ्रिडली रोज सकाळी काठोकाठ भरलेला पेला धरून बघायचा. थेंब सांडायचा नाही. "आजचा दिवस बरा," म्हणायचा. बाप्तिस्म्याला कोणाचे मूल त्याने हातात घेतले नाही. तीन वर्षांपूर्वी हात खरेच कापू लागले, तेव्हा तो मला म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो ना!" त्याला जणू सुटल्यासारखे वाटले. मी घरी येऊन रडलो.

५. चापाचा तो झिजलेला तुकडा काड्यापेटीत आहे. मी गेल्यावर केटीने तो आणि भिंग घेऊन वृद्धाश्रमात जावे, फ्रिडलीला दाखवावे आणि कलम चार मोठ्याने वाचावे. भिंग नंतर कास्परला. क्षमा मागू नये. मला ती नको. फ्रिडली माझ्याआधी गेला तर तुकडाही नदीत टाकावा. मग कशालाच अर्थ नाही.

हिंटरआउ, १२ ऑक्टोबर २०२१
बाल्झ ऱ्हिनर

आमच्या कायद्याला साक्षीदार लागत नाहीत, हस्ताक्षर पुरते. मला लागतात.

साक्षीदार १: रोझमरी ट्श्युडी, शेजारीण
साक्षीदार २: फ्रिडोलिन (फ्रिडली) स्ट्राइफ

सह्यांनंतरची नोंद: दुसरी सही वाचता येत नाही, पण ती त्याचीच आहे, मनगट मी धरले होते. तो वाचायला मागेल, मग माझी सुटका होईल, या आशेने कागद उघडाच त्याच्यापुढे ठेवला होता. त्याने खिशातून चष्मासुद्धा काढला नाही.

"तू लिहिलंस ना?" म्हणाला. "मग बरोबरच असणार."