बंदूक पार्सल होत नाही

२ फेब्रुवारी २०२६, सोमवार. जळगाव

लॅबमध्ये होते, हातात मोजे, तरी प्रशीलचा फोन घेतला. "ताई, आबांची बंदूक पाठवून दे ना." जसा काही चार्जर विसरलाय घरी!

नागपूरला त्याचा परवाना झाला. सत्तरी उलटल्यावर आबांनीच अर्ज केला होता — बंदूक मुलाच्या नावावर करा. डिसेंबरात आबा गेले, जानेवारीत कागद आला. आता त्याला एका पतसंस्थेत गनमॅनची जागा मिळतेय, पण बंदूक स्वतःची हवी. आबांचंही तसंच होतं. फौजेतून आल्यावर त्या बारा बोअरच्या बंदुकीच्या जिवावर त्यांनी धुळ्याच्या पतसंस्थेत पहाऱ्याची नोकरी केली. बंदूक अजून धुळ्याच्या घरात आहे, लोखंडी कपाटात. चावी माझ्याकडे.

"तू रोज सॅम्पलं कुरिअर करतेस. पॅकिंग तुला जमतं." हो म्हणाले. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

इथं तरी लिहिते. त्या कपाटापाशी जायची मला भीती वाटते. बंदुकीची नाही. माझी.

३ फेब्रुवारी

डोकं दुखतंय. मेहरूण तलावाला एक चक्कर मारली. काही फरक नाही.

५ फेब्रुवारी

लिहूनच टाकते, कुणी वाचणार नाही.

दोन हजार सोळाचा जून. लग्न मोडून घरी आले होते. आई आधीच गेलेली. एका दुपारी मी जे करायला नको ते केलं. वाचले. सिव्हिलमध्ये आठ दिवस. आबा रोज डबा आणायचे, झाकण उघडून द्यायचे, खुर्चीवर बसायचे, निघून जायचे. का केलंस — एका शब्दानं विचारलं नाही! प्रशील तेव्हा बारावीला, त्याला सांगितलं कावीळ झालीय.

ते मी समजू शकते. बोलणं आबांना जमायचंच नाही. पण घरी आले तर कपाट तिथंच, आणि आत बंदूक. चावी खुंटीवर. ज्या घरात पोरगी नुकतीच मरता मरता वाचली, त्या घरात! दुसरा कुठला बाप असता तर त्या दिवशीच ती बाहेर काढली असती. आबा संध्याकाळी ड्युटीवरून यायचे, बंदूक कपाटात ठेवायचे, हात धुऊन जेवायला बसायचे.

त्या कपाटाकडे पाठ करून मी वर्षं काढली. नोकरीचं निमित्त करून जळगावला आले ते त्याचसाठी. हे मी त्यांना कधीच माफ केलं नाही. आता ते नाहीत, तरी नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार. धुळे

सकाळच्या एसटीनं निघाले. पारोळ्यापर्यंत उभी! घरी गेलेच नाही, थेट पोस्टात. अंदाजानं माप लिहून नेलं होतं — लांबी पंचेचाळीस इंच, वजन साडेतीन किलो. काउंटरवरच्या मुलीनं कागद पाहिला.

"लांब आहे. आत काय?"

"बंदूक."

 मागच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "माय वं!" आणि दोन पावलं मागे सरकला.

मुलगी भली होती. आधी विचारलं, "आत्ता सोबत आणलीय का?" नाही म्हटल्यावर तिनं श्वास सोडला. पोस्टानं बंदूक जात नाही म्हणाली. कुरिअरवाल्यांनाही विचारू नका, आणि कपड्यांत गुंडाळून, चादरी म्हणून तर मुळीच पाठवू नका. तुम्ही आणि घेणारा, दोघं आत जाल. पोलीस स्टेशनला जा.

खरं सांगायचं तर चादरीचा विचार मी केला होता. पाच मिनिटं. सॅम्पलं पाठवणारीची अक्कल!

पोलीस स्टेशनात चुडामण पाटील म्हणून हवालदार. केस पांढरे. आबांना ओळखत होते. त्यांनी नीट समजावलं. एकतर प्रशीलनं परवाना घेऊन स्वतः यावं आणि न्यावी. नाहीतर इथल्या परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची. तो तपासून, रिकामी करून, वाहतुकीच्या परवानगीवर नागपूरच्या दुकानदाराकडे पाठवेल. काडतुसं वेगळी, ती सोबत जात नाहीत. आणि मुख्य म्हणजे आबा गेल्यावर बंदूक घरात राहायलाच नको होती.

"दोन महिने झाले, ताई. कुणी तक्रार केली नाही म्हणून बरं."

मी म्हणाले, सगळं करते. पण कपाट मी एकटी उघडणार नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.  "कागद आले की मी येतो. तोवर चावी शेजारी कुणाकडे ठेवा."

शेजारच्या पार्वताबाईंना चावी दिली. "पोर, आठेच राह्य. ते घर कोठे पळी नही जात." त्यांच्याकडेच राहिले. चावी त्यांनी कनवटीला लावली. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

१० फेब्रुवारी. जळगाव

प्रशीलला येता येत नाही. महिनाअखेरपर्यंत ट्रेनिंग, रजा मागितली तर जागाच जाईल. परवान्याची नक्कल पाठवतो म्हणाला. मग हळूच — "ताई, तुला त्रास होतोय का?"

कावीळ नव्हती, हे याला कुणी सांगितलं?

११ फेब्रुवारी

कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं त्यालाच कळलं होतं, दहा वर्षांपूर्वीच. फोनवर दोघं रडलो. म्हणाला, राहू दे बंदूक, दुसरी नोकरी बघतो. मी म्हणाले, नाही. ती त्या घरातून गेली पाहिजे.

१४ फेब्रुवारी

नक्कल आली. वाहतुकीची परवानगी अजून नाही.

१८ फेब्रुवारी

परवानगी आली. परवा धुळे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. धुळे

पाटील हवालदार वेळेवर आले. सोबत बंदुकांचे दुकानदार रतिलालभाई, पांढरा सदरा, कानात यंत्र. पार्वताबाईंनी चावी काढली. मी उंबऱ्यातच उभी राहिले. कपाटाचं दार करकरलं. पार्वताबाईंनी माझा दंड धरून ठेवला, अगदी बांगड्या रुतेपर्यंत.

रतिलालभाईंनी बंदूक बाहेर घेतली, तोंड जमिनीकडे करून उघडली, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं हवालदारांना दाखवलं. काडतुसांचा डबा वेगळा घेतला. नंबर जुळवला. पंचनाम्यावर सह्या. केवढीशी ती! माझ्या डोक्यात ती कपाटाएवढी होती.

उद्या तपासून पेटीत भरतील. मी दुकानात येऊन एक सही करायची. झालं.

गेली एकदाची. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. राग आलाय. दोन परकी माणसं येऊन अर्ध्या तासात जे करून गेली, ते आबांना दहा वर्षांत सुचलं नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सहीला गेले. रतिलालभाई म्हणाले, "भावाला कळवा, पिना बसवून पाठवतोय."

कसल्या पिना?

"आतल्या. काडतुसावर आपटतात त्या. त्यांच्याशिवाय बार निघत नाही." ड्रॉवरमधून त्यांनी एक पुडी काढली. वर आबांचं नाव आणि तारीख, २१ जून २०१६. मला सिव्हिलमधून घरी सोडलं ते बावीसला.

"मी नको म्हणत होतो. म्हटलं, भिकनभाऊ, तुम्ही पहाऱ्यावर उभे राहता. कुणी चालून आलं तर जीव जाईल तुमचा. ते म्हणाले, 'घरमा मनी पोर शे. काढी ले.' माझी पोर घरात आहे, बस, एवढंच."

रिटायर होईपर्यंत सात वर्षं आबा पतसंस्थेच्या दारात तशीच घेऊन उभे राहिले.

आणि मी त्यांच्याशी दहा वर्षं जेवण, औषध आणि लाईटबिल, एवढंच बोलले.