हो, पो

विहीणबाई, काल शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, वेम्बलीच्या मराठी वर्गात बाईंनी आपल्या नातीला विचारलं, "गृहपाठ केलास?" ती म्हणाली, "हो, पो." तुमच्या लेकीनं लावलेली सवय, तुमच्या फिलिपिनो बोलीत मोठ्यांशी बोलताना आदरानं हा 'पो' जोडतात. बाई म्हणाल्या, "अगं, पो शेणाचा असतो!" वर्ग खिदळला. एक कार्टं ओरडलं, "तोंडपण तसंच, चपटं!" बाईंनी त्याला गप्प केलं नाही. उलट गॅदरिंगच्या लेझमीतून पोरीलाच काढलं आणि पडदा ओढायला बसवलं. का, तर "नऊवारीत ती आपल्यातली वाटत नाही हो, फोटो वेबसाइटवर जातात." दहा वर्षांची पोर. त्या बाईंपेक्षा स्वच्छ 'ळ' म्हणते.

तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली, पण माझ्या ईलिंगच्या स्वयंपाकघरात तुम्ही अजून उभ्या आहात. वॉर्डवरून थेट आलेल्या, अंगावर नर्सचा निळा ट्यूनिक, नात कडेवर. एका हातानं तांदूळ धुताय आणि तिच्याकडून तुमचं आदराचं 'हो' घोकून घेताय, "ओपो, ओपो." मी हसत सुटते, आमच्यातला अर्थ सांगते. तुम्ही नळ बंद करता. सांगता, की तुमच्या गावाशेजारी अमेरिकी तळ होता. सैनिक परत गेले, त्यांची मुलं राहिली. शाळेत त्यांना कुणी नावानं हाक मारली नाही, आणि त्यातल्याच एक तुम्ही. "चिडवायचं नाव रस्त्यावर तयार होत नाही," तुम्ही म्हणालात. "माझं माझ्या आजीनं ठेवलं होतं." मी कांदा चिरायला घेतला.

काल बसमध्ये पोर खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आजी, मी आता कुणालाच पो नाही म्हणणार. मम्मीलापण नाही." मग म्हणाली, "टीचरला ते शेणाचं कोण सांगितला?" मी म्हटलं, "मला काय माहीत."

वर्गाच्या कमिटीला मी पत्र लिहिलं आहे. पोरीची लेखी माफी मागा, लेझमीतली तिची जागा तिला परत द्या, आणि हा तुमचा मराठी बाणा असेल तर पाटी उतरवा. तो विनोद बाईंना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मीच सांगितला होता, चार बायकांना हसवायला. ते पत्रात नाही. उत्तर येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत, लेखी हवं, हे मात्र दोनदा अधोरेखित केलं आहे.