हाकलली तरी न जाणारी माशी

१८ एप्रिल
लेन्स लावल्या! उणे नऊचा चष्मा उतरवला आणि आरशात पहिल्यांदा स्वतःचं नाक धड बघितलं. बरंय की! अर्ध्या चिखलीच्या चष्म्यांचे नंबर डोळ्यांच्या दवाखान्यात मीच काढते, पण माझ्या लेन्सला लग्न ठरावं लागलं. चार मे, दुपारी साडेबाराचा मुहूर्त. व्हिडिओ कॉलवर कुलदीप म्हणतो — "चष्मेवाली कुठं गेली? मले तीच पाहिजे." येडा! दिवसभर एकटीच हसतेय.

२२ एप्रिल
सुलतानपूरचे किसनराव आले. खुर्चीत बसल्या बसल्या तोंडासमोर हात हलवताहेत. "माशी हाय मॅडम, हाकलली तरी जात नाही." शिवाय डोळ्याच्या कडेला वीज चमकते म्हणे. कधीपासून? "आठ दिस झाले." मग आले काऊन नाही? "पोरीचं लगन होतं नं घरी."

असली तापले मी! लग्न डोळ्यापेक्षा मोठं का हो? आतला पडदा फाटला असेल तर एकेक दिवस महागात पडतो. आधी मोटरसायकलची किल्ली काढून घेतली. बाहुली मोठी करणारे थेंब टाकल्यावर कसली गाडी चालवता! अर्ध्या तासानं पडदा पार कडेपर्यंत तपासला. वरच्या अंगाला फट! डॉक्टरांना दाखवली आणि तसंच त्यांना लेझरसाठी संभाजीनगरला पिटाळलं.

२५ एप्रिल
किसनरावांचा फोन — "वाचला डोळा!" मी तिथंच नाचले. लग्नाचं आमंत्रणही देऊन टाकलं.

३ मे
हळद! कानात हळद, केसात हळद, या पानावरही हळद!! कुलदीपनं मेंदीचा फोटो अकरा वेळा मागितला.

डावीकडे सकाळपासून चमचम होतेय. ताई म्हणते, फोटोवाल्याचा फ्लॅश असेल. एक काळा ठिपका पण फिरतोय. आई म्हणते — "हळद लागली, आता घराबाहेर पाय टाकायचा नाही." बरोबरच आहे. लग्न उरकलं की बघू. दोन दिवसांनी काय होतंय!

४ मे, सकाळी, जीपमध्ये
अक्षर हलतंय. किसनराव आहेर घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. माझ्याकडं बघतच राहिले. "मॅडम, हात काऊन हलवून राह्यल्या? इथं तं एकबी माशी नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळा दाखवायला निघाले तर आई दारात आडवी — अशी हळदीच्या अंगानं नवरी बाहेर? किसनराव म्हणाले, "ह्याच पोरीनं माही किल्ली काढून घेतली होती, बाई." आणि मामाच्या हातातून जीपची किल्ली घेतली.

संध्याकाळ
संभाजीनगरच्या दवाखान्यात. मुहूर्त गेला. फटी दोन निघाल्या. लेझर झालं, डोळा वाचला. कुलदीप समोरच्या बाकावर झोपलाय, मांडीवर बाशिंग. येताना आमच्या घरून माझा जुना चष्मा घेऊन आला.