ते अबोलीला बघायला आले नव्हते, काकी!

ती. शकुकाकी,

कोपरखैरण्याहून वामनचा नमस्कार. पाय तुझे, डोकं माझं, आणि त्या डोक्याला सध्या इतका ताप आहे की विचारू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत? म्हैस व्याली का? भावकीचे थोरले म्हणून कोंडिबाआप्पांचीही चौकशी करतो: त्यांचा खोकला आणि राग, दोन्ही उतरले का? (खोकल्याचं सावकाश कळव, रागाचं आधी.) आणि अबोली, आईला हे पत्र तूच वाचून दाखवणार. तुझं नाव येईल तिथं गाळू नकोस, बजावून ठेवतो.

काकी, फोनवर बोलणं मी सोडलं. उंबरमाळात रेंज येते ती अर्धी, आणि त्या अर्ध्या रेंजनंच आपलं वाटोळं केलं. मी सांगितलं होतं ते असं: शनिवारी सीवूड्सच्या एका सोसायटीतले लोक डोंगर बघायला येतायत, आपल्या घरी राहतील, नाचणीची भाकरी खातील, अबोली पुढं होऊन त्यांना देवराई दाखवेल, आणि राहण्या-जेवणाचे पैसे देऊन ते जातील. हा उपद्व्याप कशासाठी? तुझ्या सदूसाठी. माझ्या खोलीत राहून मार्केटात पोती उचलतो आणि पाठ धरून झोपतो पोरगा. उंबरमाळात पोट भरायची सोय झाली तरच तो घरी येईल. आणि तुझ्या कानात शिरलं काय, तर 'मुंबईचे पाहुणे येतायत, अबोलीला पुढं कर'! तिचं लग्न आधीच तुझ्या डोक्यात बसलेलं, मग काय विचारता!

पुढचं मला नमिता मॅडमकडून कळलं. (मी एपीएमसीत ज्या कांद्याच्या गाळ्यावर कारकून आहे, त्याच्या या मालकीणबाई. म्हणून तर यायला तयार झाल्या.) मंडळी घाट चढून घामाघूम पोचली, तर पडवीत सतरंजी अंथरलेली, भावकी टोप्या घालून हजर, आणि डोंगरातल्या झाडन्‌झाडाचं नाव सांगणारी आमची अबोली डोक्यावर पदर, हातात पोह्यांचं ताट, मान खाली! त्यांच्यात तरणा म्हणावा असा एकटा विपुल, मॅडमचा भाचा, फुलपाखरांचे फोटो काढायला आलेला. आप्पांनी त्याला मधोमध बसवून नोकरी कायम आहे का आणि जागा स्वतःची की भाड्याची, ते विचारलं. तो म्हणाला, आधी पाणी मिळेल का. (आप्पांनी याचा अर्थ 'भाड्याची' असा घेतला.) मॅडमना वाटलं, हा गावचा पारंपरिक कार्यक्रम. त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्या म्हणजे पोरगी पसंत, म्हणून बायकांनी साखर वाटली!

दुसऱ्या दिवशी निघताना मॅडमनी पैसे तुझ्या हातात ठेवले, तर तू कडाडलीस, "आमी पोरीचं पैसं घेत न्हाय!" त्यावर आप्पा काठी घेऊन उठले आणि मंडळींनी धूम ठोकली. तरी तू मागून धावत जाऊन बायकांच्या ओट्या भरल्यासच. म्हणजे पैसे आले नाहीत ते नाहीतच, वर नारळ, तांदूळ, खण आपलेच गेले! असा धंदा अख्ख्या मार्केटात कुणी केला नसेल. हसू नकोस अबोली, मला रडू येत होतं.

पण मीही हटणारा नाही. मॅडमना सगळं समजावलं (त्या ओटीनं आधीच विरघळल्या होत्या), आणि पुढच्या शुक्रवारी दुसरी तुकडी येतेय. मायेनं वाढ, पण पैसे घे, काकी. चुलीपुढं तू घाम गाळतेस, त्यात लाज कसली? मोजकीच माणसं पाठवीन, स्पीकर लावणारी नाहीत. प्लास्टिकच्या बाटल्या ज्याच्या त्यानं परत न्यायच्या, म्हणून मागच्या मंडळींच्या आप्पांनी तेलासाठी जमवून ठेवल्यात त्याही देऊन टाका. इथला एक बिल्डर मागं लागलाय, तुमच्या सड्यावर, त्या मोकळ्या कातळमाळावर, रिसॉर्ट बांधतो, वाडीला नोकऱ्या देतो. चहा पाजून वाटेला लावला त्याला. वॉचमनच व्हायचं तर इथं काय सोसायट्या कमी आहेत? जमीन आपली, चूल आपली, वाट दाखवणारी पोरगी आपली, तर पैसाही वाडीतच राहिला पाहिजे. पुन्हा फसलो तर पुन्हा गाडी भरून पाठवीन, पण हे होणार म्हणजे होणार.

तुझा,
वामन

ता. क. मॅडमच्या मैत्रिणींना तोच 'कार्यक्रम' हवाय, जादा पैसे देतो म्हणतात. मी साफ नाही म्हणून सांगितलं. अबोली, ड्रेस घाल, बूट घाल आणि ताठ मानेनं पुढं चाल. (पोहे मात्र करा. पोह्यांना कुणी नावं ठेवली नाहीत.)

आणखी ता. क. काकी, खरं तर पत्र लिहिलं ते यासाठीच. शुक्रवारच्या गाडीत सदूही आहे. डॉक्टरांनी त्याला पोतं उचलायला मनाई केली. तुला काळजी नको म्हणून तो बोलला नाही, पण मार्केट सोडून वळकटी बांधून बसलाय. दर वेळी तो उंबऱ्यात पाय ठेवतो न ठेवतो तोच तू विचारतेस, "परत कवा जानार?" या खेपेला तेवढं विचारू नकोस.