येणे ज्यांना जमणार नाही

३ मार्च, सकाळी ७
आजपासून रोज लिहायचं. हेलवोगच्या फुटबॉलचा इतिहास कधी ना कधी कोणीतरी लिहीलच, त्याला कागदपत्रं लागतील.
उणे नऊ. ट्रॅक्टरने मैदानावरचा बर्फ काढला. रँडी, म्हणजे आमच्या क्लबची अध्यक्ष, माझ्याहून तीस वर्षांनी लहान आहे, पण बोलते माझ्या आईसारखी. कुंपणाशी येऊन ओरडली, हाल्वदान, दोन बोटं बर्फ राहू दे, खरवडू नकोस, गवतातले रबराचे दाणे निघून जातील. मी मान हलवली. ती गेल्यावर खरवडलं. मार्चमध्ये लोकांना हिरवं दिसायला हवं. शाळेत बर्गबाईंनी वसंतावरची कविता पाठ करून घेतली होती, ती म्हणत म्हणत पार कोपऱ्यापर्यंत गेलो. गवत प्लास्टिकचं असलं म्हणून काय झालं, हिरवं ते हिरवं.

४ मार्च
बघायला कोणी आलं नाही. थंडी फार.

१९ मार्च
ऊन. बर्फाचे ढीग कडेला काळे पडलेत. ते दाणे. मैदानातले निम्मे ढिगात गेले, असं रँडीचं म्हणणं. मला वाटतं, पाव. आमचा कर्णधार सिव्हर्ट एकदाच घसरून चेंडू अडवायला गेला आणि गुडघा सोलून घेतला. म्हणाला, हाल्वदान, हे मैदान आहे की खवणी? आजकालच्या पोरांची कातडीच नाजूक.

२२ मार्च
जिल्ह्याचा माणूस २२ एप्रिलला मैदान तपासायला येणार. नापास झालं तर आमचे घरचे सामने फ्योर्डच्या खाडीपलीकडे, सुन्नविकला. आणि रँडी म्हणते, एकदा तिकडे गेलो की दोन्ही संघ एकच होणार. मी हयात असेपर्यंत नाही. १९७४ साली सुन्नविकवर डोक्याने गोल मारलाय मी.
सुन्नविकचं मैदान सांभाळणाऱ्या ओडवारचा फोन. ७४च्या त्या सामन्यात तो त्यांच्याकडून खेळत होता. म्हणे, म्हाताऱ्या, तू कुठे गोल मारलास, चेंडू तुझ्या डोक्यावर आपटला. आणि म्हणे, आमच्या मैदानाखाली गरम पाण्याचे पाइप आहेत, ये एकदा पाय शेकायला. फोन आपटला. मग परत मीच लावला, त्याला अजून चार शब्द सुनवायचे राहिले होते. पाऊण तास बोललो.

२८ मार्च
योजना पक्की. शनिवार १२ एप्रिल, दहा वाजता, श्रमदान. सगळं गाव मिळून ढिगांतले दाणे चाळायचे, परत मैदानात पसरायचे, ब्रश फिरवायचा. ईस्टरची सुट्टी त्याच दिवशी लागते, म्हणजे लोकांना वेळच वेळ. चाळीस माणसं धरून चाललोय.
सूचना पद्यात लिहिली. आठ कडवी. रँडी म्हणाली, तारीख लिही, वेळ लिही, फावडं आणा लिही, संपलं. तिला वृत्त कळत नाही. शेवटचं कडवं विशेष साधलंय:
हातात घालुनी हात सारे, उघडू या मैदान;
येणे ज्यांना जमणार नाही, केक करावा छान!
केकचं खरं तर यमकासाठी. पूर्वी अशी सूचना लागली की साठ माणसं यायची. मैदानाच्या टपरीत माझी बायको गुनवोर वाफल भाजायची, रांग चर्चपर्यंत. तिला जाऊन चार वर्षं झाली. भांडं आहे अजून. घासून ठेवलं.

१२ एप्रिल, सकाळी ९.१५
फावडी चाळीस, भिंतीला ओळीने लावली. पीठ भिजवलं. छातीत कविता.

१०.४०
पहिली गाडी. टपावर स्की, मागे पोरं, इंजिन चालू. काच खाली, केक बाहेर. कविता छान होती, गाडीतल्या बाई म्हणाल्या, शेवट तर फारच. सुट्टीसाठी डोंगरातल्या घरी निघाल्या होत्या.

१.००
नऊ केक. सगळं गाव डोंगरात. रँडीपण थांबली, गाजराचा केक दिला आणि विचारलं, अरे, ईस्टरची सुट्टी लागते त्या शनिवारी कोणी श्रमदान ठेवतं का? मी म्हटलं, बाकीचे दुपारी येणार आहेत. तिने एक संत्रं माझ्या खिशात घातलं आणि गेली.

६.३०
एकट्याने तीन ढकलगाड्या चाळल्या. म्हणजे वेग चांगला आहे. वाफल खाल्ले. केक टपरीच्या फ्रीझरमध्ये.

२२ एप्रिल
जिल्ह्याचा माणूस आला. उंचावरून चेंडू सोडला, उसळी मोजली. पुन्हा सोडला. मग पेन्सिल खिशात टाकून ढिगांकडे बराच वेळ बघत राहिला. बदामाच्या केकचे दोन तुकडे खाल्ले. निकाल अनुकूल असणार.

२५ एप्रिल
नापास.

२९ एप्रिल
क्लबची सभा. सुन्नविकबरोबर एक व्हायचं की नाही, हात वर करून मत. विरोधात दोन हात, दोन्ही माझे. नंतर रँडीने बाही धरली. म्हणाली, तुझ्यामुळे नाही रे, पोरंच नऊ उरलीत, मैदान असतं तरी अकरा कुठून आणणार होतो? मी म्हटलं, मला माहीत आहे, हवामान वाईट होतं.

६ मे
नव्या क्लबचं पहिलं श्रमदान शनिवारी, सुन्नविकला. छापील पत्र, गद्यात. खाली ओडवारच्या हातचं: फावडं आणू नकोस, नुसता ये.
जाणार. दाणे कसे चाळतात ते एकदा दाखवून देतो त्यांना. ९.१०ची फेरीबोट. निळा जुना शर्ट इस्त्री केला.

१० मे
वेळेआधी धक्क्यावर. वारा तिकडून होता, पलीकडचं हसणं ऐकू येत होतं. बरीच माणसं असावीत. फेरी लागली, दार खाली आलं.
गुडघा जरा दुखत होता. शिवाय इकडेही कोणीतरी हवं.
फेरीवरच्या माणसाच्या हातात रँडीचा गाजराचा केक दिला. अजून गोठलेलाच होता. म्हटलं, ओडवारला द्या. तो म्हणाला, तुम्ही नाही येत? म्हटलं, जमणार नाही. कोणाकडून म्हणून सांगू? म्हटलं, हेलवोगकडून.
दुपारी दोन ढकलगाड्या चाळल्या. मैदान छान दिसतंय.