सवत ब्रेनर्ट पेंट्स हिला वगळून

मी विनिफ्रेड ग्राबोव्स्की, सगळे विनी म्हणतात, वय त्र्याहत्तर, धंदा जुन्या सोफ्यांना नि खुर्च्यांना नवे कापड चढवण्याचा, राहणार मिलवॉकी शहराच्या दक्षिण भागात, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. फुप्फुसांनी दगा दिला आहे, डोक्याने नाही. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे आणि मत्सरही. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. कोणाची हिंमत असेल तर करून बघावी. वकीलबाई ग्रेटा लिंडक्विस्ट म्हणाल्या, "विनी, कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहा. बाकी पाल्हाळ नको." मी म्हटले, "मग कोणाला काय द्यायचं नाही, ते कुठे लिहू?" त्यावर त्या चष्मा पुसत बसल्या.

कलम १. राहते घर, त्यातली भांडीकुंडी आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते सगळे माझी लग्नाची जोडीदार मार्लिस हॉगन हिचे. त्यात कोणाचा वाटा नाही, कोणाचा हक्क नाही. एकच अट. पुढच्या व्हरांड्याला रंग लावावा. मार्लिसने सारा जन्म रंगाच्या कंपनीत रंग मिसळण्यात घालवला आणि आमच्या व्हरांड्याचे मात्र पोपडे निघून लाकूड उघडे पडले आहे. दर वर्षी मे महिना आला की मी म्हणायची, "अगं, या शनिवारी तरी?" आणि ती म्हणायची, "या शनिवारी कंपनीचा ट्रक रंगवायचाय, विनी. मिरवणूक तोंडावर आली." रंग कुठल्याही कंपनीचा चालेल. ब्रेनर्टचा चालणार नाही.

कलम २. शिवणयंत्र, कात्र्या, खिळे मारायची हातोडी आणि कापडाचे सर्व तागे शेजारीण ओडेल पिकेट हिला. तिचा हात चांगला आहे, फक्त घाई करते. ओडेल, कोपरा दुमडताना घाई करू नकोस.

कलम ३. माझा भाऊ क्लेटस याला रंगाचा एक ब्रश, चार इंची, न वापरलेला. कारण सांगते. गेल्या वर्षी वसंतात ब्रेनर्टने आमच्यासारख्यांच्या बाजूने काढलेल्या इंद्रधनुषी झाकणाच्या डब्यांवरून गदारोळ उठला. कुणा एका पुढाऱ्याने कॅमेऱ्यासमोर तो डबा गटारात ओतला, आणि मग राज्यभर ज्याला त्याला ओतायची हुक्की आली. क्लेटस त्या वेळी आपले गॅरेज रंगवत होता. त्यानेही उरलेला रंग ओतून दिला. गॅरेज आजही अर्धे निळे, अर्धे कळकट आहे. आमच्या लग्नाला तो आला नाही, मार्लिसला आजवर "तुझी ती मैत्रीण" म्हणतो. तरी ब्रेनर्टचे वाटोळे व्हावे यावर आम्हा भावंडांचे एकमत झाले. जन्मात तेवढे एकदाच झाले.

कलम ४. ब्रेनर्ट पेंट्स या कंपनीला माझ्या मिळकतीतून काडीही मिळू नये. कंपनीला कोण कशाला देईल, असे वकीलबाईंनी विचारले. मार्लिस देईल, म्हणून लिहिते. ती बाई कंपनीला जीवसुद्धा देईल.

ब्रेनर्ट ही माझी सवत. दुसरा शब्द मला सुचत नाही. मार्लिस तिच्याबद्दल बोलायला लागली की तिचा चेहरा उजळायचा. आमच्यासारख्यांनी कामाच्या जागी तोंडातून ब्र काढायचा नाही अशा काळात त्या कंपनीने मार्लिसला पुढच्या रांगेत उभे केले. कँटीनच्या भिंतीवर तिचा फोटो लावला. शिकागोला नेऊन भाषण करायला लावले. मी घरी सोफे ठोकत बसायची. तिचा फोटो हजार लोक जेवताना बघतात, हे आठवले की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यात मला कॅन्सर झाला. हा पहिला, स्तनाचा; आताचा फुप्फुसांचा. तेव्हा आमचे लग्न कायद्यात बसत नव्हते, पण ब्रेनर्टने आपल्या कामगारांच्या जोडीदारांनाही विमा दिला होता. आजूबाजूच्या कुठल्या कंपनीने दिला नव्हता. हॉस्पिटलचा सगळा खर्च त्यातून भागला. मार्लिस माझ्या उशाशी बसून रडत म्हणाली, "बघ, कंपनी आपल्या पाठीशी उभी राहिली." मी तोंड भिंतीकडे फिरवले. सवतीने माझा जीव वाचवला. तो अपमान मी गिळला आहे, पचलेला मात्र नाही.

दर जूनला प्राइडच्या, म्हणजे आमच्यासारख्यांच्या, मिरवणुकीत कंपनीचा ट्रक, त्यामागे कंपनीचे लोक, आणि सगळ्यांच्या पुढे मार्लिस. तिथे रिवाज असा, की कंपनीच्या मागून चालायचे तर कंपनीचा शर्ट घालायचा. घरच्या माणसांनीसुद्धा. मार्लिस दर वर्षी माझ्या मापाचा शर्ट घेऊन यायची. "घाल ना गं, एक दिवस." मी म्हणायची, "तिचं नाव छातीवर घेऊन मी फिरणार नाही." मग मी कोपऱ्यावर घडीची खुर्ची टाकून, बिअरचा डबा हातात घेऊन, माझ्याच बायकोला दुसरीबरोबर मिरवताना बघायची. ती हात हलवायची. मीही हलवायची. मेल्या त्या ट्रकवर लोक फुले टाकायचे.

मग ते डबे ओतण्याचे प्रकरण झाले आणि ब्रेनर्टने आठवड्याच्या आत शेपूट घातली. ट्रक नाही, शर्ट नाही, देणगी नाही. कँटीनमधला फोटोही उतरला. "आम्ही सर्व ग्राहकांचा आदर करतो," असे काहीतरी पत्रक काढून हात झटकले. मला आनंद झाला. उकळ्या फुटल्या. त्या दिवशी मी मार्लिसच्या आवडीचा बटाट्याचा कीस घालून धिरडी केली, वर सफरचंदाचा मुरंबा. ती ताटाला हात न लावता बसून राहिली.

मी म्हटले, "गेली तर गेली. मिरवणूक काय तिच्या बापाची आहे? तू चाल."

ती म्हणाली, "कंपनी नाही तर मी कोणाबरोबर चालू?"

इतक्या वर्षांच्या संसारानंतर हा प्रश्न. माझ्यासमोर बसून. मी म्हटले, "माझ्याबरोबर चाल की."

"तू कधी आलीस, विनी?"

मी तिचे ताट झाकून ठेवले. गेल्या वर्षी आम्ही दोघीही गेलो नाही. मिरवणुकीच्या दिवशी ती दिवसभर तळघरात कपडे धूत होती.

कलम ५. टॅम्सिन व्हिटलॉक हिच्याविषयी. ही कंपनीची बाई. आमच्यासारख्यांसाठी जे खाते होते ते ती चालवायची. खाते बंद झाले आणि तिला एका खोक्यात सामान भरून बाहेर काढले. मार्लिस तिला थेट घरी घेऊन आली. "बिचारी एकटी आहे गं." तेव्हापासून दर शुक्रवारी आमच्याबरोबर हॉटेलात मासे खायला येते. वय पंचेचाळीस, दात सगळे स्वतःचे, हसली की अख्खे हॉटेल वळून बघते. दोघी कंपनीबद्दल बोलत बसतात, एकाच नवऱ्याच्या दोन विधवांसारख्या. मला वाटले होते सवत गेली. गेली ती आपली धाकटी बहीण मागे ठेवून गेली.

मी आजारी पडल्यावर तर रोजच येऊ लागली. गोळ्या कुठल्या कधी ते तिला पाठ आहे, ऑक्सिजनची नळी तिला लावता येते. एकदा मार्लिस दुकानात गेली असताना तिने मला विचारले, "तुम्हाला मी आवडत नाही ना, विनी?"

"नाही."

"बरं. उशी वर सरकवू?"

"सरकव."

माझ्या मागे ती या घरात पाऊल ठेवणार नाही, असे कलम मला घालायचे होते. वकीलबाई म्हणाल्या, "घर मार्लिसचं झालं की दार कोणाला उघडायचं ते मार्लिस ठरवणार." तरीही लिहून ठेवते: माझ्या खुर्चीत तिने बसू नये. हिरवे मखमली कापड मी स्वतः चढवले आहे. दुसऱ्या खुर्च्या आहेत.

कलम ६. यंदाच्या मिरवणुकीविषयी. हे मृत्युपत्रात बसत नाही असे मला सांगण्यात आले आहे. गेल्या रविवारी मार्लिस माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मी नाव दिलंय. कंपनीतले आम्ही काही जण, आपापल्या कपड्यांत. ट्रक नाही, काही नाही. तू येतेस. चाकाची खुर्ची टॅम्सिन ढकलणार."

"तू का नाही ढकलणार?"

"मी ढकलत बसले तर तुझा हात कोण धरणार?"

मला खोकल्याची उबळ आली. खोकलाच होता.

डॉक्टर जूनबद्दल काही बोलत नाहीत. मी जगले तर जाईन, अंगात माझा निळा स्वेटर घालून, आणि ढकलणारी कोणीही असो. मी नसले तर मार्लिसने घरात बसू नये, तळघरात तर मुळीच नाही. तिने चालावे, आणि एकटीने चालू नये. टॅम्सिनने तिच्याबरोबर चालावे. पण डाव्या बाजूने. रंग घुसळायच्या यंत्रांपाशी उभे राहून मार्लिसचा डावा कान कधीच गेला आहे, म्हणून जेवताना, चालताना, झोपताना मी कायम तिच्या उजव्या हाताला असते. टॅम्सिनने डावीकडून काय वाटेल ते बोलावे. उजवी बाजू माझी आहे. ती कोणाला द्यायची नाही, तिथे कोणी चालायचे नाही.

वरील मजकूर मी वाचून पाहिला आहे. एकही शब्द मागे घेत नाही. साक्षीदार म्हणून सही करायला टॅम्सिन पेन घेऊन तयारच होती. पण ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाईंनी सांगितले, म्हणून ओडेलही बाद. टॅम्सिन म्हणाली, "मला कुठे काय मिळतंय?" वकीलबाईंनी कलम ६ पुन्हा एकदा वाचले आणि तिच्या हातातले पेन काढून घेतले. टॅम्सिन बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. ती रडते आहे हे मला इथून दिसते आहे. रडू दे.

सही: विनिफ्रेड ग्राबोव्स्की

साक्षीदार:
१. ग्रेटा लिंडक्विस्ट, वकील
२. अँसेल पिकेट, शेजारी, ओडेलचा दीर

स्थळ: मिलवॉकी, विस्कॉन्सिन
दिनांक: २१ मे २०२६